दाढीचं पातं एवढं महाग का? गोम पात्यात नाही, सांध्यात आहे

२२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम, शेव्हिंग लोशन आणि आफ्टरशेव्ह यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे दाढी स्वस्त झाली, असं म्हणायला हरकत नाही. पण घरी दाढी करणाऱ्या माणसाने वर्षाचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लगेच दिसते. क्रीमची ट्यूब महिनोन्‌महिने पुरते. खिशाला चाट बसते ती रेझरच्या डोक्याला, म्हणजे आपण ज्याला कार्ट्रिज म्हणतो त्या बदलायच्या तुकड्याला. साधं दुधारी पातं काही रुपयांत मिळतं. तीन किंवा पाच पात्यांचं एक कार्ट्रिज मात्र सहज शंभराच्या पुढे जातं.

पोलाद तेच, केस तेच, गाल तोच. मग फरक कशाचा?

सोपं उत्तर असं दिलं जातं की त्यात पाती जास्त असतात. हे उत्तर अर्धवट आहे. खरी गोम त्या इवल्याशा जागी आहे जिथे कार्ट्रिज हँडलला ‘टक्’ करून बसतं. तो सांधा कुणाच्या मालकीचा आहे, यावर गेली पन्नास वर्षं अब्जावधी डॉलरचा धंदा उभा आहे. त्या सांध्यावरून कंपन्या कोर्टात भांडल्या आहेत. आणि तुमच्या हातातल्या हँडलला दुसऱ्या कंपनीचं पातं का बसत नाही, याचंही उत्तर तिथेच आहे.

आधी हे डोकं हलतं कशाला?

जुन्या दुधारी पात्याच्या रेझरमध्ये काहीच हलत नाही. पातं दोन धातूच्या तुकड्यांमध्ये आवळलेलं असतं आणि त्याचा त्वचेशी कोन किती ठेवायचा हे तुमच्या मनगटाने ठरवायचं. हा कोन साधारण ३० अंशांच्या आसपास लागतो. गालावर ते सोपं आहे, कारण गाल बऱ्यापैकी सपाट. पण जबड्याच्या कडेवरून खाली गळ्याकडे येताना पृष्ठभाग एकदम वळतो. तिथे मनगट वेळेवर वळलं नाही की एक तर खुंट राहतात किंवा रक्त येतं. वडिलांच्या पिढीतल्या पुरुषांकडे तुरटीचा खडा असायचा तो याचसाठी.

जिलेट कंपनीने १९७१ मध्ये ‘ट्रॅक टू’ नावाचं दोन पात्यांचं कार्ट्रिज आणलं. कल्पना अशी की पहिलं पातं केस कापताना त्याला थोडं मुळातून ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं पातं त्याला आणखी खाली कापतं. पण त्याचंही डोकं स्थिरच होतं. खरा बदल १९७७ मध्ये आला, ‘अट्रा’ या रेझरने. यात पहिल्यांदा कार्ट्रिज हँडलच्या टोकावर झुलू लागलं, झोपाळ्याच्या फळीसारखं. जबडा वळला की डोकंही वळणार. कोन सांभाळायचं काम मनगटाकडून काढून एका छोट्या बिजागरीकडे दिलं गेलं.

ऐकायला साधं वाटतं, पण बिजागरी कुठे बसवायची हा प्रश्न अजिबात साधा नाही. कार्ट्रिजला पुढे रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी असते, ती त्वचा ताणून धरते. मध्ये पाती. मागे बहुतेक वेळा गुळगुळीत करणारी ओलसर पट्टी. आता डोकं ज्या अक्षावर झुलतं तो अक्ष पात्यांच्या मागे गेला तर दाबाचा भार एकीकडे पडतो, पुढे आला तर दुसरीकडे. १९९८ च्या ‘मॅक थ्री’मध्ये जिलेटने हा अक्ष पुढच्या पट्टीच्या बाजूला आणला. शिवाय डोकं वळल्यावर ते परत मूळ जागी यायला हवं, नाहीतर पुढच्या फटक्याला ते वाकडंच राहील. म्हणून हँडलच्या टोकात स्प्रिंगवर बसलेली एक छोटी खुंटी असते. ती कार्ट्रिजला मागून हलकेच रेटत राहते. स्प्रिंग कडक झाली तर डोकं वळत नाही, ढिली झाली तर लटपटतं.

आता त्यात दुसरी अट घाला. हे डोकं झुललं पाहिजे, पण दाढी करताना निसटता कामा नये. आणि पातं बोथट झालं की एका अंगठ्याने बटण दाबून ते सुटलंही पाहिजे, तेही ओल्या, साबणाच्या हाताने, धारेला बोट न लावता. घट्ट धरणं, झुलू देणं आणि चटकन सोडणं ही तीन परस्परविरोधी कामं काही मिलिमीटरच्या जागेत करायची. इंजिनिअरिंगच्या नजरेने पाहिलं तर रेझरमधला सगळ्यात हुशार भाग हाच आहे. जाहिरातीत मात्र पात्यांची संख्या दाखवतात.

बिजागरी हँडलमध्ये की कार्ट्रिजमध्ये?

इथे एक निर्णय लपलेला आहे, आणि तो निव्वळ तांत्रिक नाही.

अट्रा आणि त्यानंतरच्या १९९० च्या ‘सेन्सर’मध्ये झुलण्याची यंत्रणा मुख्यतः हँडलकडे होती. मॅक थ्रीमध्ये ती कार्ट्रिजच्या अंगातच गेली. म्हणजे पात्यांच्या मागे एक जोडतुकडा, आणि त्या जोडतुकड्यावर पात्यांची चौकट झुलते. तुम्ही पातं फेकता तेव्हा बिजागरीही फेकता.

याला चांगली कारणं आहेत. प्रत्येक नव्या कार्ट्रिजबरोबर नवी बिजागरी मिळते, ती झिजून सैल होत नाही. पण धंद्याच्या बाजूनेही ते सोयीचं आहे. बिजागरी आणि जोड दोन्ही कार्ट्रिजमध्येच असतील, तर कार्ट्रिज बनवणाऱ्या प्रत्येक स्पर्धकाला नेमका तोच जोड बनवावा लागणार. आणि त्या जोडावर पेटंट असेल तर तो त्याला बनवता येणार नाही. हँडल विकणारा कायमचा पातंही विकणार.

हा केवळ तर्क नाही. जर्मनीत २०१७ मध्ये नेमकं हेच घडलं. विल्किन्सन स्वोर्ड ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी तिथल्या दुकानसाखळ्यांसाठी, त्यांच्याच नावाखाली, मॅक थ्रीच्या हँडलला बसतील अशी स्वस्त कार्ट्रिज पुरवू लागली. जिलेट ड्युसेलडॉर्फच्या कोर्टात गेली. भांडण पात्यांचं नव्हतं, पात्यांचा तुकडा हँडलला ज्या पद्धतीने जोडला जातो त्या रचनेच्या पेटंटचं होतं. पेटंटमध्ये नवं असं काही नाहीच, असा विल्किन्सनचा बचाव होता. जुलै २०१७ मध्ये कोर्टाने विक्री थांबवायला सांगितलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये वरच्या कोर्टानेही तेच कायम ठेवलं.

गंमत पुढे आहे. त्या पेटंटची मुदत फेब्रुवारी २०१८ मध्ये संपणारच होती. म्हणजे अपिलाचा निकाल लागला तेव्हा पेटंटच्या आयुष्याचा एखादा महिना उरला होता. तेवढ्यासाठीही भांडावंसं वाटलं, यावरून त्या जोडाची किंमत कळते. मॅक थ्री बाजारात येऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती आणि तरीही त्याचं कार्ट्रिज विकलं जात होतं, कारण लोकांकडे हँडलं होती.

‘हँडल फुकट, पात्यांवर कमाई’ ही गोष्ट पूर्ण खरी नाही

एमबीएच्या वर्गात सांगितली जाणारी कथा तुम्ही ऐकली असेल. किंग कँप जिलेट नावाच्या अमेरिकन सेल्समनने रेझर स्वस्तात वाटलं आणि पाती विकून गडगंज झाला. प्रिंटर आणि शाई, कॉफी मशीन आणि कॅप्सूल, सगळ्यांना हीच उपमा देतात.

शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी २०१० च्या सुमारास जुने कागद काढून ही कथा तपासली. निघालं उलटंच. जिलेटला त्याचं पेटंट नोव्हेंबर १९०४ मध्ये मिळालं. पेटंट चालू असेपर्यंत तो रेझरचा संच तब्बल ५ डॉलरला विकत होता. त्या काळी ही मोठी रक्कम होती. ‘फुकट हँडल’ तर सोडाच, हे चैनीचं साधन होतं. पहिल्या वर्षी, १९०३ मध्ये, त्याची फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. १९२१ मध्ये मूळ पेटंटं संपली, आता कुणीही तसं पातं बनवू शकत होतं, आणि तेव्हा कुठे कंपनीने जुन्या नमुन्याचं रेझर एका डॉलरवर आणलं.

म्हणजे कथेप्रमाणे हँडल स्वस्त करायची खरी वेळ पेटंट असताना होती, कारण तेव्हा पाती फक्त तुमच्याकडेच मिळत होती. तेव्हा ते केलं नाही. कुलूप उघडल्यावर केलं. कंपनी तरीही बुडाली नाही, उलट वाढली, कारण नाव झालं होतं आणि पाती चांगली होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण पेटंट संपलं तर संशोधन मरेल हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो.

जिलेटचं नाव पेटंट कायद्याच्या पुस्तकात आणखी एका कारणाने आहे. १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये कंपनीने एका स्पर्धकावर खटला भरला. स्पर्धकाचं म्हणणं होतं, मी जे बनवतो ते तुमच्या पेटंटच्या आधीपासूनच माहीत असलेल्या रेझरपेक्षा फारसं वेगळं नाही. मग एक तर मी तुमचं काही चोरलेलं नाही, किंवा तुमचं पेटंटच फोल आहे. हाऊस ऑफ लॉर्ड्सने ते मान्य केलं. या बचावाला वकील मंडळी आजही ‘जिलेट डिफेन्स’ म्हणतात. ज्याने खटला भरला आणि हरला, त्याच्याच नावाने बचाव ओळखला जावा, हा नशिबाचा वेगळाच फेरा.

मग पाती वाढत का गेली?

कारण जुन्या जोडाचं पेटंट संपायला लागलं की नवा जोड लागतो, आणि लोकांनी नवं हँडल घ्यावं यासाठी काहीतरी दाखवावं लागतं.

सत्तरच्या दशकात बिकचं पूर्ण फेकून द्यायचं प्लास्टिक रेझर आलं आणि लोक कार्ट्रिजकडून तिकडे वळू लागले. त्यांना परत खेचण्यासाठी १९९० मध्ये सेन्सर आला. त्यात प्रत्येक पातं स्वतःच्या छोट्या स्प्रिंगवर बसवलं होतं आणि ते बसवायला लेझर वेल्डिंग वापरलं होतं. नंतर मॅक थ्री, ज्यावर कंपनीने ७५ कोटी डॉलर खर्च केल्याचं तेव्हा गाजलं. शिकने २००३ मध्ये चार पात्यांचं ‘क्वाट्रो’ काढलं. जिलेट कोर्टात गेली. तिच्या पेटंटमध्ये पहिलं, दुसरं आणि तिसरं पातं असा उल्लेख होता. चौथं पातं घातलं की तुम्ही पेटंटबाहेर गेलात का, हा प्रश्न होता. खालच्या कोर्टाने जिलेटला तात्पुरता मनाई हुकूम नाकारला होता. २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने तो निर्णय रद्द केला आणि सांगितलं की तीन पात्यांच्या दाव्यात चार पात्यांचं रेझरही येऊ शकतं. पुढे दोघांनी तडजोड केली.

‘द ओनियन’ या अमेरिकन व्यंगपत्राने २००४ मध्ये एक थट्टालेख छापला, त्यात रेझर कंपनीचा बॉस वैतागून थेट पाच पाती काढायचं ठरवतो. दोन वर्षांत जिलेटचं ‘फ्यूजन’ आलं. पाच पात्यांचं! शिवाय पाठीमागे सहावं, कल्ले सरळ करायला. २०१४ मध्ये ‘फ्लेक्सबॉल’ आला. त्यात डोकं नेहमीसारखं पुढेमागे झुलतंच, वर हँडलच्या मानेत एक गोळा बसवून ते डावीउजवीकडेही वळतं.

माझं मत विचाराल तर दुसरं पातं आणि झुलणारं डोकं या दोन गोष्टींनी दाढी खरोखर सोपी केली. त्यापुढची प्रत्येक भर ही गालापेक्षा बॅलन्स शीटसाठी जास्त होती. फ्यूजनचं कार्ट्रिज मॅक थ्रीच्या हँडलला बसत नाही, मॅक थ्रीचं फ्यूजनला बसत नाही. एकाच कंपनीची ही दोन भावंडं. त्यांचे जोड एकमेकांत बसू नयेत यामागे शरीरशास्त्राचं कुठलंही कारण नाही.

बरं, पाती वाढली म्हणून धार जास्त टिकते का? अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही पातं बोथट का होतं, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पातं हळूहळू घासून गोल होतं असा आपला समज. प्रत्यक्षात केस वाकतो, धारेला तिरका भिडतो आणि पोलादाच्या रचनेत जिथे बारीक असमानता असते तिथे धारेचा टवका उडतो. म्हणजे टिकाऊपणा पोलादाच्या एकसारखेपणावर अवलंबून आहे, पात्यांच्या मोजणीवर नाही.

भारतात आल्यावर काय झालं?

आपल्याकडे दाढी बराच काळ दुधारी पात्याची होती. कोलकात्याच्या मल्होत्रा घराण्याची पाती, ठाण्याची सुपरमॅक्स, ‘सेव्हन ओ क्लॉक’. सलूनमध्ये तर अजूनही वस्तऱ्याच्या दांडीत अर्धं पातं मोडून घालतात. पाती बदलायचा जोड तिथेही आहेच की, पण तो कुणाच्या मालकीचा नाही. कुठल्याही कंपनीचं पातं कुठल्याही दांडीत बसतं, आणि त्यामुळेच ते पातं काही रुपयांत मिळतं.

जिलेटने २००२ मध्ये भारतासाठी ‘व्हेक्टर’ हे कार्ट्रिजचं रेझर आणलं. आपल्या लोकांचे केस दाट आणि दाढी रोजची नाही, त्यामुळे कार्ट्रिज तुंबतं, हे कंपनीने ओळखलं होतं. म्हणून अडकलेले केस बाहेर ढकलणारी प्लास्टिकची पट्टी त्यात बसवली. चाचणी घेतली एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. सगळ्यांनी पसंती दिली. भारतात मात्र ती पट्टी चालेना. कारण उघड होतं, पण ते बोस्टनमध्ये दिसणारं नव्हतं. ते विद्यार्थी वाहत्या नळाखाली दाढी करत होते. इथे बहुसंख्य पुरुष मगात किंवा वाटीत थोडं पाणी घेऊन, हातात आरसा धरून दाढी करत होते. वाहतं पाणी नसेल तर त्या पट्टीने काहीच साफ होत नाही.

नंतर कंपनीची माणसं इथे आली, शेकडो घरांत बसून दाढ्या पाहिल्या, आणि २०१० मध्ये ‘गार्ड’ आलं. रेझर १५ रुपयांना, कार्ट्रिज ५ रुपयांना. पातं एकच. पुढे मोठा सुरक्षा-कंगवा, कापू नये म्हणून. मागची बाजू मोकळी, थोड्या पाण्यात हलवलं तरी साफ व्हावं म्हणून. हँडल पोकळ आणि हलकं, सुटे भाग महागड्या रेझरच्या तुलनेत अगदी थोडे.

गार्ड हे मला या सगळ्या कथेतलं सगळ्यात बोलकं रेझर वाटतं. बदलायचं डोकं, बटणाशिवायचा सोपा व्यवहार, सुरक्षित दाढी हे सगळं ५ रुपयांत बसवता येतं, हे त्याच कंपनीने दाखवून दिलं ज्या कंपनीचं दुसरं कार्ट्रिज शंभराच्या पुढे आहे. अर्थात पाच पाती आणि एक पातं यांच्या उत्पादनखर्चात फरक आहेच. पण दोन्ही किमतींमधली दरी तेवढ्याने भरत नाही.

पेटंट संपलं, तरी स्वस्त का होत नाही?

पेटंट २० वर्षांचं असतं, भारतातही. मॅक थ्रीच्या मूळ जोडाची पेटंटं संपून गेली. मग त्याला बसणारी कार्ट्रिज आता कोपऱ्यावरच्या दुकानात पन्नास कंपन्यांची दिसायला हवीत. तशी ती दिसत नाहीत.

एक कारण भीतीचं आहे. पाकिटावर ‘मॅक थ्रीला बसतं’ असं लिहिलं तर ट्रेडमार्कचा खटला होईल का? युरोपात या प्रश्नाचा निकाल २००५ मध्येच लागला. फिनलंडमधल्या एलए लॅबोरेटरीज या कंपनीने आपल्या पात्यांच्या पाकिटावर, ही जिलेट सेन्सरच्या हँडललाही बसतात, असं स्टिकर लावलं. जिलेटने हरकत घेतली आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. न्यायालयाने तत्त्व असं सांगितलं: वस्तू कशासाठी आहे हे ग्राहकाला कळवायला दुसरा व्यवहार्य मार्ग नसेल, आणि नावाचा वापर प्रामाणिक असेल, तर दुसऱ्याचं ब्रँडनाव लिहिता येतं. भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही कलम ३०(२)(घ) मध्ये सुट्या भागांसाठी आणि पूरक वस्तूंसाठी जवळपास हीच मोकळीक आहे. मात्र मूळ कंपनीचं पाकीट, रंग, लोगो हुबेहूब उचलला तर ती नक्कल. ‘बसतं’ म्हणणारं कार्ट्रिज आणि ‘तेच आहे’ असं भासवणारं कार्ट्रिज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन खरेदीत लोकांची गल्लत होते ती इथेच.

दुसरं कारण जास्त मोठं आहे, आणि ते कायद्यात नसून कारखान्यात आहे. केसापेक्षा कितीतरी बारीक धार, तिच्यावर लेप, मग तीन ते पाच पाती अचूक अंतरावर प्लास्टिकच्या चौकटीत बसवणं, हे सगळं लाखोंच्या संख्येत एकसारखं करायचं. जगात हे नीट जमणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकेत २०१२ मध्ये एका विनोदी व्हिडिओने गाजलेली ‘डॉलर शेव्ह क्लब’ स्वतः पाती बनवतच नव्हती, ती कोरियाच्या ‘दोरको’कडून घेत होती. तिला युनिलिव्हरने २०१६ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरला घेतलं आणि २०२३ मध्ये तिच्यातला मोठा हिस्सा विकून टाकला. ‘हॅरीज’ या दुसऱ्या कंपनीने वेगळा रस्ता धरला. तिने २०१४ मध्ये जर्मनीतल्या आइसफेल्ड गावातला पात्यांचा अख्खा कारखानाच सुमारे १० कोटी डॉलरला विकत घेतला.

या नव्या कंपन्यांनी खरंच काही फरक पाडला का? पाडला. जिलेटला २००५ मध्ये ५७ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबलने २०१९ मध्ये जिलेटच्या व्यवसायाचं पुस्तकी मूल्य ८.३ अब्ज डॉलरने खाली आणलं. कारणांत चलनाचे दर होते, स्पर्धा होती, आणि पुरुष कमी वेळा दाढी करतात हेही होतं. त्याच वर्षी शिकची मालक एजवेल १३७ कोटी डॉलरला हॅरीज घ्यायला निघाली. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याविरुद्ध दावा लावला. दोन मोठ्यांच्या बाजारात किमती खाली आणणारा तिसराच गिळला जाईल, हा आक्षेप होता. काही दिवसांतच एजवेलने सौदा सोडला.

आपल्याकडे चित्र उलट्या दिशेने गेलं. पाती बनवायचं ज्ञान, यंत्रं आणि माणसं महाराष्ट्रातच होती. ठाण्याचा सुपरमॅक्सचा कारखाना दुधारी पातीही बनवायचा आणि कार्ट्रिजही, परदेशात निर्यात करायचा. २०२२ मध्ये तो बंद पडला आणि कामगार थकलेल्या पगारासाठी रस्त्यावर आले. शहरात ती बातमी कामगारांची म्हणून आली, आणि ती होतीच. पण तुमच्या कार्ट्रिजच्या किमतीशीही तिचा संबंध आहे. जोडाचं पेटंट संपल्यावर तो जोड स्वस्तात बनवू शकेल असा कारखाना इथे होता. आज ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच ‘देशी’ ब्रँडच्या रेझरचं पाकीट उलटून पाहा. उत्पादनाचा देश दुसराच निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

दुकानात उभं राहून काय बघायचं?

हँडलच्या किमतीकडे बघू नका, चार कार्ट्रिजच्या पाकिटाला चाराने भागा. मग ते कार्ट्रिज तुम्हाला किती दाढ्या पुरतं त्याने भागा. जाड, दाट खुंटांना पाच पाती लवकर तुंबतात, त्यामुळे जास्त पाती म्हणजे जास्त दिवस असं गणित मांडू नका. जोड जुना असेल तर बहुधा फायद्यात राहाल. मॅक थ्रीच्या जोडाला बसणारी दुसऱ्यांची कार्ट्रिज मिळतात, पण ती घेताना पाकिटावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव आणि पत्ता ठळक आहे का ते पाहा. घेतल्यावर ते बसवून हलकेच मागेपुढे दाबा. डोकं वळून आपोआप जागेवर यायला हवं. अडकत असेल किंवा आडवं हलत असेल तर जोड नीट बसलेला नाही, आणि अशा रेझरने गळ्यावर उलटा हात फिरवू नका.

कचऱ्याचा हिशेब वेगळाच आहे. वापरलेल्या कार्ट्रिजमध्ये पोलाद, दोन-तीन प्रकारचं प्लास्टिक, रबर आणि ओलसर पट्टी हे सगळं एकमेकांत इतकं घट्ट बसवलेलं असतं की भंगारवाला ते घेत नाही. दुधारी पातं हा पोलादाचा एक तुकडा असतो. तो जाड पत्र्याच्या डब्यात साठवून, झाकण पक्कं करून भंगारात देता येतो. कार्ट्रिज असो की पातं, ओल्या-सुक्या कचऱ्यात तसंच टाकू नका. सकाळी तो हाताने वेगळा करणारी बाई हातमोजे घालून येत नाही.